मित्राला मरू देऊ नका

मराठी वाहिन्यांना नवऱ्याची दुसरी बाई चालते. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ पर्यंत चालली. साडेचार वर्षं राधिका, तिचा नवरा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया आपल्या घरात मुक्कामाला होते. आपण ते सगळं जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन पाहिलं, पोराबाळांसकट पाहिलं, दुसऱ्या दिवशी नळावर आणि एसटीत त्यावर तोंडभर बोललो. त्याने कुणाची संस्कृती बुडाली नाही.

दोन बायकांनी एकमेकींवर प्रेम केलं, तर मात्र ती बुडेल अशी भीती वाहिन्यांना वाटते. दोन नायिकांचं एकमेकींवरचं प्रेम हाच जिचा मुख्य धागा आहे, अशी रोज संध्याकाळची एक मराठी मालिका मला दाखवा. मी पुढच्या आठवड्यात याच जागी तिचं कौतुक लिहीन.

जपानने हे केलं. २९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एनएचके वाहिनीवर 'त्सुकुरिताई ओन्ना तो ताबेताई ओन्ना' ही मालिका सुरू झाली. एकीला रांधायची हौस, दुसरीला खायची, असा त्या नावाचा अर्थ. साकाओमी युझाकी यांच्या चित्रकथेवर ती बेतलेली आहे. पंधरा-पंधरा मिनिटांचे दहा भाग झाले आणि २०२४ च्या जानेवारीअखेर दुसरं पर्व आलं, वीस भागांचं. एनएचके म्हणजे कुठलं आडबाजूचं ॲप नाही. घराघरातून घेतल्या जाणाऱ्या शुल्कावर चालणारी ती तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था आहे, म्हणजे आपल्या दूरदर्शनच्या जागेवरची. सर्वांच्या पैशाने चालणाऱ्या वाहिनीने सर्वांसाठी ही गोष्ट सांगितली.

गोष्ट साधी आहे. नोमोतो ही नोकरी करणारी, एकटी राहणारी बाई. मानामी हिगा हिने ती भूमिका केली आहे. स्वयंपाकाचा तिला भारी नाद, पण भूक बेताची. ऑफिसात डबा उघडला की पुरुष सहकारी म्हणतात, छान बायको होशील. ते तिला टोचतं. ती नवरा मिळवण्यासाठी रांधत नाही, तिला रांधायला आवडतं म्हणून रांधते. एके दिवशी कामाच्या वैतागात ती इतकं रांधून ठेवते की एकटीने संपवणं अशक्य. त्याच मजल्यावर कासुगा राहते. उंच, धिप्पाड, मोजकं बोलणारी. तळलेल्या कोंबडीच्या बादल्या हातात घेऊन जाताना नोमोतोने तिला पाहिलेलं असतं. नोमोतो धीर करून तिला जेवायला बोलावते. कासुगा येते, बसते आणि भांड्यात शीतही न ठेवता जेवते. एमी निशिनो हिने ती भूक इतक्या सन्मानाने साकारली आहे की पाहताना आपल्यालाच पोटभर वाटतं.

कासुगाच्या भुकेमागे एक घर आहे. तिथे बापाला आणि भावाला आधी वाढायचं, चांगलं वाढायचं, आणि मुलीच्या वाट्याला उरलेलं. मोठी होऊन ती खाणावळीत गेली तरी वाढणारा तिला न विचारता भात कमी वाढतो, कारण समोर बाई बसली आहे. ती त्याला शांतपणे सांगते, नेहमीएवढा वाढा.

हे जपानचं म्हणून सोडून देता येईल का? आमच्या रायगडात घरात जिताडा मासा आला की मधल्या तुकड्या कुणाच्या ताटात पडतात आणि डोकं, शेपूट, तळाचा रस्सा कुणाच्या, हे पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही घरात विचारा. उत्तर द्यायला बाईला क्षणभरही थांबावं लागणार नाही. ज्या घरात बाई शेवटी जेवते, त्या घरात तिला पोटभर वाढणारी दुसरी बाई भेटणं हे किती मोठं प्रेम आहे, हे आमच्या बायकांना जपान्यांइतकंच कळेल. कदाचित जास्तच कळेल.

पुढे नोमोतो आणि कासुगाच्या आठवड्याला एकमेकींच्या जेवणाची सवय लागते. नोमोतोला हळूहळू उमगतं की आपल्याला पुरुष का आवडले नाहीत, आणि ही समोर जेवणारी बाई का आवडते. दुसऱ्या पर्वात त्या एकत्र राहायला घर शोधू लागतात. नागुमो नावाची एक शेजारीण येते, जिला दुसऱ्यासमोर घास गिळता येत नाही. ती त्यांच्यात बसते आणि तिला कुणी 'खा गं, खा' म्हणून छळत नाही. या मालिकेत खलनायिका नाही. कुणी कुणाच्या दुधात काही कालवत नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या दोघींचं प्रेम आहे त्या दोघीही शेवटापर्यंत जिवंत आहेत.

कारण मराठीतली मित्रा मेली आहे.

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं, मित्रा झाली होती रोहिणी हट्टंगडी. सुमित्रा देव ही कॉलेजातली मुलगी, काळ स्वातंत्र्याच्या आसपासचा. तिला कळतं की आपण इतर मुलींसारखं पुरुषाकडे ओढले जात नाही. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, समोर नमा असते आणि मित्राचं मन नमावर जडतं. नमावर हक्क सांगणारा मन्या दळवी आहे. आणि बापू आहे, मित्राचा मित्र, जो हे सगळं पाहतो आणि आपल्याला सांगतो. नमा दूर जाते. मित्रा खचत जाते आणि अखेर स्वतःला संपवते.

१९८१ मध्ये मराठी प्रेक्षकासमोर हे आणणं ही केवढी हिंमत होती, ते मी वेगळं सांगायला नको. जपानी मालिकेच्या चार दशकं आधी आपल्याकडे ही बाई मंचावर उभी होती, नाव-गाव-स्वभावासकट. तिची कुणी टवाळी केली नव्हती. तिचा हट्टीपणा, तिचा राग, तिची माया, सगळं तेंडुलकरांनी लिहिलं. त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण त्यांच्यानंतरच्या चाळीसहून अधिक वर्षांशी आहे. मित्रा मेली आणि आपण पडदा पाडून घरी गेलो. तिच्यानंतर तितक्याच ठसठशीत नावाची, पण म्हातारी होईपर्यंत जगलेली दुसरी मित्रा मुख्य रंगभूमीवर कुणी उभी केली? मित्राची गोष्ट बापूने सांगितली. मित्राने स्वतः तोंड उघडून सांगितलेली गोष्ट कुठे आहे?

आणि रोहिणीताईंचं काय झालं ते पाहा. मित्रा केल्यावर पुढच्याच वर्षी त्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा म्हणून जगाला दिसल्या. पुढे २०१३ पासून 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेत आईआजी म्हणून रोज आपल्या घरी आल्या. सहा सासवांच्या घरात एकुलता एक मुलगा आणि त्याची बायको. महाराष्ट्राने आईआजीवर जीव ओवाळून टाकला. वाहिनीने मित्रा करणारी नटी घेतली, मित्रा घेतली नाही. सहा बायका एका छताखाली चालल्या, पण त्यांना एकत्र धरून ठेवणारा एक पुरुष मध्ये लागलाच.

'मित्राची गोष्ट'नंतर वर्षभरात 'उंबरठा' आला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पटकथा तेंडुलकरांचीच, कथा शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून. महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं उघडं पडतं आणि आश्रमात गदारोळ होतो. स्मिता पाटीलची सुलभा मला आयुष्यभर पुरलेली आहे, तरीही सांगते, त्या दोघी त्या चित्रपटात संस्थेपुढची एक अडचण होऊन येतात. त्यांना आवडतं काय, त्या हसतात कशाला, हे आपल्याला कळत नाही. पुढे रवी जाधव यांनी तेंडुलकरांच्या मित्राच्या कथेवर 'मित्रा' हा लघुपट केला. वीणा जामकर आणि मृण्मयी देशपांडे त्यात होत्या. २०१४ साठीचा सर्वोत्कृष्ट कथात्मक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि पुढे 'बायोस्कोप'मधून तो चित्रपटगृहात लागला. पुरस्कार मिळाला, टाळ्या पडल्या. मालिकावाल्यांनी बहुधा त्या टाळ्याही ऐकल्या नाहीत.

आता वडखळबद्दल. मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा फाटा जिथे सुटतो, तो आमचा नाका. इथून रोज हजारो माणसं जातात, वडा-चहा घेतात, वाहतूक तुंबली म्हणून करवादतात आणि निघून जातात. त्यांना वाटतं या गावात फक्त हॉटेलं आणि धूळ आहे. जपान मात्र इथे केव्हाच आला. शेजारच्या डोलवीचा पोलाद कारखाना सुरुवातीला 'निप्पॉन डेन्रो इस्पात' या नावाने उभा राहिला. पुढे नुसता 'इस्पात' झाला, मग जेएसडब्ल्यूकडे गेला, आणि त्या जेएसडब्ल्यू स्टीलमध्येही जपानच्या जेएफई कंपनीचा पंधरा टक्क्यांच्या आसपास वाटा आहे. जपानी नाव आम्हाला परकं नाही. जपानी पैसा, जपानी यंत्र, जपानी शिस्त यांचं आम्ही कौतुक करतो. मग जपानच्या त्या पंधरा मिनिटांचंही करू.

कारण ज्या जगावर ती मालिका उभी आहे, ते जग इथे आहेच. पेणच्या आसपास बायका एकमेकींच्या अंगणात बसून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करतात. हमरापूर आणि जोह्याच्या गणपती कारखान्यांत रंगाचे हात चालवतात. बचत गटाच्या बैठकीला जातात. पेण-वडखळला बाहेरगावहून आलेल्या नर्स, शिक्षिका, कंपनीतल्या मुली दोघी मिळून खोली घेतात, भाडं निम्मं-निम्मं भरतात, एकाच गॅसवर रांधतात. शेजारी त्यांना लोणचं देतात. मालकीण म्हणते, पोरी गुणाच्या आहेत, पुरुष माणूस फिरकत नाही. बाईच्या अंगावर नजर ठेवणारं गाव दोन बायकांच्या बंद दाराकडे मात्र काळजीने पाहत नाही, कारण बायकांचं बायकांवर प्रेम असू शकतं हेच त्याच्या डोक्यात येत नाही.

ही सुटका वाटते, पण ती सुटका नाही. दोघींपैकी एकीला अठ्ठाविसावं लागतं आणि घरून फोन सुरू होतात. स्थळ आलंय, रजा टाक, ये. तेव्हा दुसरीने काय म्हणायचं? तिला रडायलाही कारण नाही. मैत्रिणीचं लग्न ठरलं म्हणून कुणी इतकं रडतं का, असं तिलाच विचारतील. हळदीला तिने नाचायचं, आहेर करायचा, आणि परत येऊन एकटीने पूर्ण भाडं भरायचं. ज्या दुःखाला समोर बसून कुणी चहासुद्धा विचारणार नाही, असं दुःख आपल्या शेजारी कितीकींनी गिळलं असेल, या विचाराने मला झोप येत नाही.

मालिकावाले यावर एकच सांगतात, प्रेक्षक खपवून घेणार नाहीत. त्यांच्या मनात १९९८ आहे. दीपा मेहता यांचा 'फायर' नोव्हेंबरमध्ये लागला. सेन्सॉरने तो काटछाट न करता मंजूर केलेला होता. शबाना आझमी आणि नंदिता दास, एकाच घरातल्या, एकमेकींच्या प्रेमात पडणाऱ्या दोन जावा. २ डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसेनेच्या महिला आघाडीने काचा फोडल्या, खेळ बंद पाडला. मुख्यमंत्री मनोहर जोशींनी तोडफोड करणाऱ्यांचं जाहीर अभिनंदन केलं. हे सगळ्यांना आठवतं. मात्र त्याआधीचे जवळजवळ तीन आठवडे लोक तिकीट काढून तो चित्रपट निमूट पाहत होते, ते कुणालाच आठवत नाही. काचा फोडणारा जमाव आणि तिकीट काढणारा प्रेक्षक यांत फरक आहे, आणि मालिकावाल्यांनी पंचवीस वर्षं जमावालाच प्रेक्षक समजून धंदा केला. त्याच डिसेंबरात दिल्लीत रीगल चित्रपटगृहाबाहेर बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातातल्या फलकावर ती भारतीयही आहे आणि लेस्बियनही, असं लिहिलेलं होतं. मुंबईत तर 'स्त्री संगम' हा अशा बायकांचा गट १९९५ पासूनच काम करत होता. त्या बायका 'फायर'मुळे बिघडल्या नव्हत्या. त्या आधीपासून होत्या.

कायद्याचं म्हणाल तर तो मालिकांच्या बराच पुढे गेला आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तो निकाल मला आजही लागतो. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ मध्ये घरातून पळालेल्या दोन मुलींचा खटला आला, तेव्हा न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन हा विषय समजून घेतला. आपल्याला माहीत नाही हे मान्य करून न्यायाधीश शिकायला बसतो. वाहिनीच्या कथाविभागातल्या मंडळींना तेवढा एक तास मिळू नये?

आणि आता रेशनकार्ड. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की समलिंगी नात्यातल्या जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातलं माना. त्याच वर्षी बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून लावायला अडचण नाही, असंही अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं. पुरवठा खात्याच्या कागदावर दोघींची चूल एक होऊ शकते. ज्या वाहिन्या चोवीस तास स्वयंपाकघरात कॅमेरा लावून बसल्या आहेत, त्यांच्या पडद्यावर मात्र ती चूल अजून पेटलेली नाही.

जपानमध्येही सगळं सोपं नाही. तिथे समलिंगी विवाहाचा कायदा नाही. टोकियोतल्या शिबुयाने २०१५ मध्ये जोडीदार म्हणून दाखला द्यायला सुरुवात केली, पुढे अनेक शहरांनी दिला. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे या मालिकेचं दुसरं पर्व संपल्यावर दोन आठवड्यांनी, साप्पोरोच्या उच्च न्यायालयाने विवाहबंदी घटनाविरोधी ठरवली. तरी संसदेने कायदा बदललेला नाही. म्हणजे कायदा होईपर्यंत गोष्ट थांबवावी लागते, हेही खरं नाही. एनएचके थांबली नाही.

आपल्याकडचं वास्तवही थांबलेलं नाही. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी घरच्यांच्या, मित्रमंडळींच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या आणि लग्न गोव्यात करायचं असंही उघडपणे सांगितलं. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. नागपूर पेटलं नाही. ज्या नागपूरची राधिका साडेचार वर्षं नवऱ्याच्या पापाचा निवाडा करत होती, त्याच नागपुरात हे घडलं.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीकडे आहे, कारण ती तुमच्या-माझ्या पैशाची. रात्रीची पंधरा मिनिटं, तीस भाग, वडखळ. एक रोह्याकडची, डोलवीच्या कंपनीत हिशेब पाहणारी. दुसरी पेणची, पापड-मिरगुंडांचा धंदा करणारी, हाताला चव असलेली आणि सहा जणांसाठी रांधायची सवय न सुटलेली. रोह्याकडची पोटभर जेवत नाही, कारण तिला कुणी कधी दुसऱ्यांदा वाढलेलं नाही. तिसऱ्या भागात जिताडा येऊ द्या आणि मधली तुकडी तिच्या ताटात पडू द्या. आईचा फोन येऊ द्या, स्थळ येऊ द्या, भांडण होऊ द्या, एकीला चार दिवस रोह्याला जाऊ द्या. घरमालकिणीला कळू द्या. ती काय म्हणते ते लेखिकेने खरं लिहावं, गोड करू नये. तहसील कार्यालयात रेशनकार्डाची खिडकी दाखवा आणि त्या खिडकीमागचा कारकून कागद उलटसुलट करून बघतो तेही दाखवा.

लेखिका ही गोष्ट जगलेलीच शोधा. अशा बायका महाराष्ट्रात लिहितात, त्यांना बोलवा, मानधन द्या, बापूला या वेळी निवेदन देऊ नका. पेणच्या कुठल्याशा शाळेत आठवी-नववीत एक मुलगी बसली असेल, जिला वर्गातल्या मुलीकडे पाहून छातीत काहीतरी होतं आणि ते काय आहे हे विचारायला घरात कुणी नाही. तिला आजवर आपण पडद्यावर एकतर काहीच दाखवलं नाही, किंवा दाखवलं तेव्हा मरण दाखवलं. तिने तिसाव्या भागापर्यंत रोज रात्री पाहावं, आणि तिसाव्या भागात त्या दोघींनी पुढच्या महिन्याच्या गॅसचा नंबर लावावा.